कपाटाखाली टांगायचा ड्रिप कॉफीमेकर: घ्यावा का, लावावा कसा?

पाटावरवंटा

प्रश्न अमेरिकेतल्या अपार्टमेंटच्या छोट्या स्वयंपाकघरापुरता आहे. सिंक आणि शेगडी सोडली तर ओटा जेमतेम चार फूट उरतो. त्यावर मिक्सर, कुकर, कणकेचा डबा. कॉफीमेकर ठेवला तर पोळ्या लाटायच्या कुठे? म्हणून वरच्या कपाटाच्या तळाला खालून टांगायचा ड्रिप कॉफीमेकर (पुडीवर गरम पाणी ठिबकवून कॉफी गाळणारं यंत्र) डोक्यात आहे, स्पेसमेकर म्हणून ओळखतात तो प्रकार. नवीन फारसे दिसत नाहीत, वापरलेले मात्र ऑनलाइन आणि गराज सेलमध्ये मिळतात.

१. कपाटाचा तळ पार्टिकल बोर्डचा, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या फळीचा आहे. वजन पेलेल का? वाफेने फुगेल का?
२. ओट्यापासून कपाटापर्यंत १८ इंच आहेत. पुरतात?
३. वापरलेला घेताना काय तपासायचं?
४. पिणारी माणसं दोन. एकाला काळी लागते, एकाला दुधाची. दोन्ही नीट जमतात का?

"त्यापेक्षा कॅप्सूलवालं मशीन घ्या" हा सल्ला कृपया नको.

चहाबाज

त्यापेक्षा कॅप्सूलवालं मशीन घ्या. (पळालो!)

मोजपट्टी

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथे गाडी अडली तर बाकीचं वाचायची गरजच नाही.

अमेरिकेत ओटा आणि वरचं कपाट यांत १८ इंच हे नेहमीचंच अंतर आहे आणि ही यंत्रं तेच धरून बनवलेली असतात. पण टेप कपाटाच्या पुढच्या कडेला लावून मोजू नका, आतल्या तळाला लावून मोजा. इथली बरीच कपाटं फेस-फ्रेमची असतात. दाराभोवतीची लाकडी चौकट तळाच्या खाली अर्धा-पाऊण इंच उतरलेली असते, दिवे झाकायला वेगळी पट्टी ठोकलेली असेल तर आणखी जास्त. यंत्र थेट तळाला भिडवलं की पाण्याची टाकी आणि फिल्टरची बास्केट समोरून ओढताना त्या पट्टीला अडकतात. यासाठीच बरोबर प्लास्टिकचे स्पेसर येतात, म्हणजे स्क्रूवर ओवायची नळकांडी. स्पेसरची लांबी पट्टीच्या उतारापेक्षा थोडी जास्तच हवी.

स्क्रू वरून, म्हणजे कपाटाच्या आतून खाली जातात. तळातून, मग स्पेसरमधून, मग यंत्राच्या किंवा ब्रॅकेटच्या आट्यात. लांबीचा हिशोब: तळाची जाडी + स्पेसर + आट्यात जाणारा भाग. आखूड स्क्रू दोनच आटे धरतो आणि रोज पॉट आत-बाहेर करताना ढिला होत जातो. फार लांब घेतला तर टोक आत प्लास्टिकमध्ये घुसतं, नशीब वाईट असेल तर वायरमध्ये.

भोकं पाडायचा क्रम:
– कपाट रिकामं करा. तळाखाली एलईडी पट्टी असेल तर तिची वायर कुठून जाते ते आधी शोधा.
– कागदी टेम्प्लेट तळाला खालून चिकटवा. वापरलेल्या यंत्राबरोबर तो नसतोच, तेव्हा यंत्र उलटं करून जाड कागदावर भोकांची नक्कल काढा.
– जिथे ड्रिल बाहेर पडणार त्या बाजूला मास्किंग टेप लावा, नाहीतर वरच्या मेलामाइनच्या गुळगुळीत थराचे कपचे उडतात.
– आधी बारीक बिट, मग स्क्रूपेक्षा किंचित मोठं. स्क्रू बोर्डात घट्ट बसायला नको, आरपार मोकळा जायला हवा.
– आतून प्रत्येक स्क्रूखाली मोठा चपटा वॉशर.

या शेवटच्या दोन गोष्टींमुळे पार्टिकल बोर्डला वजनाची भीती राहत नाही. आटे बोर्डात नाहीतच, त्यामुळे उपटून यायला काही नाही. वॉशर दाब पसरवतो. रिकामं यंत्र अडीच-तीन किलो धरा, वर पावणेदोन लिटर पाणी आणि काचेचा पॉट. म्हणजे साधारण पाच-सहा किलो. तळ अर्धा इंच जाडीचा असेल तर चिंता नको. पातळ हार्डबोर्डचा असेल तर आत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अर्धा इंच प्लायवूडची पट्टी टाका आणि स्क्रू तिच्यातून घाला.

वाफाळ

मोजपट्टींना +१. वजनाने कपाट पडत नाही, वाफेने पडतं. जरा हळू, पण पडतं.

पार्टिकल बोर्डचा पृष्ठभाग मेलामाइनने झाकलेला असतो, तिथे वाफ फारसं काही करत नाही. ओलावा शिरतो तो उघड्या कडांतून: मागची न झाकलेली कड, आणि तुम्ही स्वतः पाडलेली चार भोकं. एकदा भुसा फुगला की परत बसत नाही. म्हणून भोकाच्या आतल्या बाजूला पातळ ब्रशने पॉलियुरेथेन वार्निश फिरवा, सुकू द्या, मगच स्क्रू. उघड्या कडांना सिलिकॉन. पांढरं, किचन-बाथचं. यंत्राच्या पुढच्या तोंडासमोर येणाऱ्या भागाला ॲल्युमिनियम फॉइल टेप लावली तर उत्तमच. दिसायला बरी नाही, पण तिथे वाकून बघतो कोण?

आणखी दोन. कॉफी झाल्यावर बास्केट अर्धी ओढून ठेवा, आतली वाफ समोरून निघून जाते. आणि बरोबर वरच्या फळीवर पापड, गूळ, मसाले ठेवू नका. ती फळी रोज कोमट होते. तिथे ताटं-वाट्या ठेवा.

शेगडीच्या वर किंवा अगदी लगत टांगायचा विचार असेल तर सोडून द्या. खालची आच आणि फोडणीचं तेल या प्लास्टिकसाठी नाही.

खटपट्या

माझं मत वेगळं. हा सगळा खटाटोप १९८०च्या दशकातल्या स्वयंपाकघरांसाठी होता. जनरल इलेक्ट्रिकने स्पेसमेकर नावाखाली कॅन ओपनरपासून बरंच काही कपाटाखाली टांगलं. १९८४मध्ये त्यांचा छोट्या घरगुती उपकरणांचा धंदा ब्लॅक अँड डेकरने घेतला आणि मालिका पुढे चालली. तेव्हा बहुतेक घरांत मायक्रोवेव्हही ओट्यावर बसायचा, जागेची मारामारी खरी होती. आज साधा अरुंद कॉफीमेकर घ्या, त्याखाली चाकांचा सरकता ट्रे ठेवा. कॉफी करायची तेव्हा पुढे ओढा, झालं की मागे ढकला. भोकं नाहीत, घरमालकाची परवानगी नको, डिपॉझिट शाबूत. बिघडला तर कोणताही दुसरा त्याच जागी बसतो. टांगलेला बिघडला की तुमची भोकं त्याच मॉडेलची असतात.

मोजपट्टी

@खटपट्या, डिपॉझिटचा मुद्दा मान्य. भाड्याचं घर असेल तर आधी लेखी परवानगी. पण ट्रेने ओट्याची जागा वाचत नाही हो, फक्त मागे जाते. मागे गेलेल्या यंत्राच्या पुढ्यात पोळपाट मावायला ओटा खोल लागतो. इथला २५ इंच असतो, त्यातले दहा-बारा यंत्राने खाल्ले. टांगलेल्या यंत्राखाली चार-सहा इंच मोकळे राहतात. तिथे पोळपाट-लाटणं, चॉपिंग बोर्ड, ग्राइंडर सरकतो. धागाकर्त्यांची अडचण नेमकी तीच आहे.

शिवाय साध्या यंत्राचं झाकण वर उघडतं. कपाटाखाली असताना पाणी भरायचं तर दर वेळी बाहेर ओढणं आलंच. आणि न ओढता चालू केलंत तर त्याची वाफ सरळ कपाटाच्या तळावर. वाफाळ यांनी लिहिलेलं सगळं तिथेही लागू.

खटपट्या

ओढायचं विसरणाऱ्यांना टांगलेलंच बरं, एवढं मान्य.

रिपेअरकाका

तिसऱ्या प्रश्नावर. वापरलेलं यंत्र तपासायचं तर आत काय चालतं ते माहीत हवं. आत पंप वगैरे काही नसतो. टाकीतलं पाणी स्वतःच्या वजनाने खाली उतरतं, एकमार्गी व्हॉल्व्हमधून घोड्याच्या नालेसारख्या वाकवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळीत जातं. त्या नळीला चिकटून हीटर, आणि तोच वरची हॉटप्लेटही तापवतो. नळीत पाणी उकळलं की बुडबुडे पाण्याचे गोळे वर ढकलतात. मागे जायला एकमार्गी व्हॉल्व्ह आडवा येतो, म्हणून पाणी वरच चढतं आणि बास्केटवर शिंपडलं जातं. तापमान राखायला बायमेटल थर्मोस्टॅट, आणि तो फसला तर शेवटचा पहारेकरी थर्मल फ्यूज.

टांगायच्या प्रकारात एक जास्तीची भानगड आहे: टाकी सुटी निघते. म्हणून तिच्या बुडाशी स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो, टाकी पूर्ण आत ढकलली की तो दाबला जाऊन उघडतो. बहुतेक तक्रारी इथूनच निघतात. टाकी पाव इंच बाहेर राहिली की व्हॉल्व्ह बंद, नळी कोरडी, हीटर तापतो, थर्मोस्टॅट टकटक करत राहतो आणि एखाद्या दिवशी फ्यूज जातो. लोक म्हणतात "मशीन मेलं".

विकत घेताना बघा:
– टाकी लावून टक् आवाज येतो का, हलवल्यावर थेंब गळतात का. गळत असतील तर रबरी रिंग सुकली आहे. फूड-ग्रेड सिलिकॉन ग्रीस लावून पाहा. गोडेतेल नको, त्याने रबर चिकट होतं.
– टाकीचा व्हॉल्व्ह बोटाने दाबून सोडा. परत यायला आळस करत असेल तर क्षार साचलेत.
– नुसत्या पाण्याची एक पूर्ण टाकी चालवा. शेवटी गुरगुर आणि वाफ हवी, आणि जेवढं पाणी ओतलं जवळजवळ तेवढं पॉटमध्ये यायला हवं.
– हॉटप्लेट गरम पण पाणी चढत नाही: क्षार, हवेचा बुडबुडा अडकलेला, किंवा टाकीचा व्हॉल्व्ह.
– काहीच गरम नाही: आधी भिंतीवरच्या जीएफसीआय सॉकेटचं (वीज गळली की आपोआप बंद होणारं) रीसेट बटण दाबा. अर्धी "मेलेली" यंत्रं तिथेच जिवंत होतात.

फ्यूज बदलणाऱ्यांसाठी: तेवढ्याच तापमानाचा आणि तेवढ्याच अँपिअरचा घ्या, आणि जोड क्रिंप करा, म्हणजे पक्कडीने दाबून बसवा. डाग दिला तर सोल्डरिंगच्या आचेनेच नवा फ्यूज उडतो. फ्यूज काढून तिथे तार जोडायचा सल्ला कुठे वाचलात तर ते पान बंद करा. कपाट लाकडाचं आहे.

काळी_घागर

काकांच्या यादीत पॉटची भर घालते. पॉट मूळचाच आहे का ते बघा, "बसतो" एवढ्यावर जाऊ नका. पॉटच्या झाकणाचा मधला उंचवटा बास्केटखालचा ड्रिप-स्टॉप (पॉट काढला की गळणं थांबवणारी झडप) वर ढकलतो, तेव्हा कॉफी खाली येते. दुसऱ्या कंपनीचा पॉट दोन-तीन मिलिमीटर बुटका असला की ड्रिप-स्टॉप अर्धवट उघडतो. वरून पाणी येतच राहतं, बास्केट भरते, गाळ कागदावरून उतू जातो आणि टांगलेल्या यंत्रातून ओट्यापर्यंत काळा धबधबा. उतू जाण्याची बाकीची कारणं: दळण फार बारीक, कागदाची कड आत दुमडलेली, दोन कागद एकाला एक चिकटून आलेले, ड्रिप-स्टॉपच्या स्प्रिंगमध्ये कण अडकलेले. ती स्प्रिंग आठवड्याला एकदा गरम पाण्याखाली पाच-सहा वेळा दाबून धुवा.

दुसरं, २०१२मध्ये १२ कपांच्या एका स्पेसमेकर मॉडेलची अमेरिकेत परत-बोलावणी झाली होती. काचेच्या पॉटचा कान तुटण्याचं कारण होतं. वापरलेला घेणार असाल तर बुडावरचा मॉडेल नंबर आणि तारीख-कोड सीपीएससी या अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून बघा. गरम पॉट टांगलेल्या जागेवरून काढताना तो कानावरच तोललेला असतो, म्हणून हे महत्त्वाचं.

उपमा_अलंकार

बारा कप म्हणजे बारा माणसं ना? मग दोन माणसांना एवढा कशाला?

काळी_घागर

इथेच सगळे फसतात. कॉफीमेकरवरचा "कप" बहुतेक ५ औंसांचा, म्हणजे साधारण १४८ मिलि. बारा कप म्हणजे पावणेदोन लिटर. अमेरिकन मग दहा-बारा औंसांचा. तेव्हा बारा कपी यंत्रातून पाच-सहा मग निघतात. दोन माणसं दोन-दोन मग प्यायली की पॉट जवळजवळ संपला.

चहाबाज

आमच्याकडच्या टपरीवरच्या कटिंगने मोजलं तर मग पंचवीस माणसं. लग्नाची ऑर्डर घेता येईल.

रिपेअरकाका

विनोद बाजूला, पण कपाचा प्रश्न थेट चवीशी जाऊन भिडतो. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या मापाने पाणी ९२ ते ९६ अंश सेल्सिअस हवं आणि यंत्राचा संपूर्ण वेळ ४ ते ८ मिनिटं. आता गणित करा. टांगायची यंत्रं साधारण ९०० वॅटच्या आसपास असतात. १.८ लिटर पाणी २० अंशांवरून ९३ला न्यायला जवळजवळ ५५० किलोज्यूल लागतात. ९०० वॅटने भागा: दहा मिनिटांच्या वर. तेही काहीच उष्णता वाया गेली नाही असं धरून. म्हणजे पूर्ण टाकीवर पूड गरजेपेक्षा जास्त वेळ भिजते आणि कडवटपणा वाढतो. सहाच कपांचं पाणी घाला, पाच-सहा मिनिटांत काम होतं. दोन माणसांसाठी अर्धी टाकी हेच या यंत्राचं योग्य माप.

अर्ध्या टाकीचा एक तोटा: बारा कपी रुंद बास्केटमध्ये पुडीचा थर पातळ होतो आणि पाणी भराभर निथळतं. दळण किंचित बारीक करा, आणि पूड टाकल्यावर बास्केट हलवून थर सपाट करा. बाजूला ढीग राहिला तर अर्धी पूड कोरडी.

फिल्टरवाली

चौथ्या प्रश्नासाठी मी. काळ्या आणि दुधाच्या कॉफीला एकच अर्क चालत नाही.

काळीसाठी लिटरला ५५ ते ६० ग्रॅम. सहा कप म्हणजे साधारण ९०० मिलि पाणी, त्याला ५० ग्रॅम पूड, मध्यम दळण. चमच्याने मोजू नका. गडद भाजलेली पूड हलकी असते, तोच चमचा कमी वजन देतो. एका ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा किचन काटा पुरतो.

या अर्कात दूध घातलं की भांडी धुतल्याचं पाणी होतं. दुधाच्या कॉफीसाठी ५०० मिलि पाण्याला ५० ग्रॅम, म्हणजे एकास दहा. ती मगात अर्धी, वर अर्धं कडक तापवलेलं दूध. दोघांचं एकत्र भागवायचं असेल तर हाच दाट अर्क काढा आणि काळी पिणाऱ्याने आपल्या मगात गरम पाणी घालून पातळ करावी. उलटं करता येत नाही.

भारतातून आणलेली फिल्टर कॉफीची पूड यात घालायची हौस सगळ्यांनाच येते. दोन अडचणी. एक, ती पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरसाठी बारीक दळलेली असते. दोन, तिच्यात चिकोरी असते. चिकोरी पाण्यात भरपूर विरघळते, अर्क दाट होतो, कागदाची छिद्रं बुजतात, आणि मग काळी_घागर यांचा धबधबा. साठ-चाळीसचं मिश्रण तर या यंत्रात घालूच नका. ८०-२०पर्यंत चालतं, पण जरा जाड दळून घ्या, आणि एका वेळी बास्केट निम्म्याच्या वर भरू नका.

उपमा_अलंकार

आणि आपली जायफळ-वेलचीची कॉफी? ती नसेल तर कॉफी कशाला म्हणायचं!

फिल्टरवाली

जमते. जायफळ चिमूटभर किसून थेट पुडीवर, पाण्यात कधीही नाही. वेलची ठेचून घाला, पूड करून नको. मात्र प्लास्टिकची बास्केट वास धरते. काळी पिणारा कुरकुरणार असेल तर जायफळ पुडीवर न घालता आपल्या दुधात घाला.

चहाबाज

मग दूधच थेट टाकीत घालून...

रिपेअरकाका

नाही. नाही. नाही. दुधातली प्रथिनं त्या तापलेल्या नळीत करपून चिकटतात आणि तिथे ब्रश पोचत नाही. यंत्र कचऱ्यात. टाकीत फक्त थंड साधं पाणी.

चहा हवा असेल तर बास्केट रिकामी ठेवून नुसतं गरम पाणी काढा आणि पॉटमध्ये टीबॅग टाका. आपला उकळलेला चहा यात होणार नाही. तो शेगडीवरच.

वाफाळ

पाण्यावरून: कोणी क्षारांबद्दल लिहिलं नाही अजून. कडक पाणी असलेल्या गावांत सगळ्यात मोठा रोग हाच. कॉफी व्हायला नेहमीपेक्षा दोन मिनिटं जास्त लागायला लागली, गुरगुर मोठी झाली, शेवटी टाकीत पाणी शिल्लक राहायला लागलं, की समजा नळी बुजत चालली.

सायट्रिक ॲसिड, जे आपण लिंबूफूल म्हणून भारतीय दुकानातून आणतो, लिटरला २० ते २५ ग्रॅम विरघळवा. अर्धी टाकी जाऊ द्या, यंत्र बंद करा, अर्धा तास थांबा, उरलेली जाऊ द्या. मग साध्या पाण्याच्या दोन टाक्या. पांढरं व्हिनेगर असेल तर पाण्याबरोबर निम्मं-निम्मं, पण तीन टाक्या धुतल्याशिवाय वास जात नाही. ब्लीच कधीही नाही, आणि आम्लाबरोबर तर मुळीच नाही.

यावर उपाय म्हणून डिस्टिल्ड पाणी वापरू नका. खनिजं शून्य झाली की कॉफी सपक लागते. लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास विरघळलेले क्षार हे कॉफीसाठी आदर्श मानलं जातं. साधा कोळशाचा पिचर फिल्टर पुरे, तो क्लोरीनचा वास काढतो.

टांगलेल्या यंत्राची टाकी अंधारात असते, आत कोणी डोकावत नाही. उरलेलं पाणी रोज काढून टाकी सुकी ठेवा, नाहीतर आत बुळबुळीत थर धरतो.

पुण्याचा_पाऊस

धागा चांगला चाललाय. असाच एक वापरलेला तिकडून भारतात आणला तर? इथे ओटा आणि वरचं कपाट यात बऱ्याच मॉड्युलर किचनमध्ये दोन फूट असतात. शिवाय तळ १८ मिमी मरीन प्लायचा, म्हणजे वाफेची चिंता कमी.

रिपेअरकाका

जागा मिळेल, वीज मिळणार नाही. तिकडचं यंत्र १२० व्होल्टचं. २३०वर थेट लावलं तर वॅट व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात: ९०० वॅटचं यंत्र काही क्षण ३,३०० वॅटचं होतं आणि मग काहीच राहत नाही. किमान १,५०० व्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. तो कॉफीमेकरपेक्षा जड. तो कुठे टांगणार?

आणि टायमरचं घड्याळ विजेच्या ६० हर्ट्झवर चालणारं असेल तर इथल्या ५० हर्ट्झवर दर तासाला दहा मिनिटं मागे पडेल. सकाळी सहाला लावलेली कॉफी केव्हा मिळेल ते विचारू नका. आणू नका.

चहाबाज

म्हणजे दिवसाला चार तास मागे. आमच्या ऑफिसला चालेल.

खटपट्या

वायरचं कोणी बोललं नाही. या यंत्रांची वायर मुद्दाम आखूड असते, लोंबकळून कोणी ओढू नये म्हणून. सॉकेट लांब असेल तर एक्स्टेन्शन कॉर्ड हा उपाय नव्हे. आणि त्याच सर्किटवर काय काय आहे ते बघा. १५ अँपिअरच्या सर्किटवर १२० व्होल्टला एकूण १,८०० वॅट. ९०० कॉफीमेकरला गेले, सोबत टोस्टर लावला की काठावर. मायक्रोवेव्ह त्याच लाइनवर असेल तर सकाळी ब्रेकर पडणारच. हे काही यंत्राचा दोष नाही.

पाटावरवंटा

सगळ्यांचे आभार. चहाबाज यांचेसुद्धा. घर स्वतःचं आहे, त्यामुळे भोकांची परवानगी घरातूनच काढायची आहे. मोजून आले:

तळाची जाडी अर्धा इंच. पुढची पट्टी तळाच्या खाली पाऊण इंच. आतल्या तळापासून ओट्यापर्यंत सव्वा अठरा. सॉकेट जीएफसीआय, उजवीकडे दीड फुटावर, त्याच लाइनवर टोस्टर आहे. यंत्र १२ कपी, काचेच्या पॉटचं, मॉडेल नंबर परत-बोलावणीच्या यादीत नाही. टेम्प्लेट नाही, स्क्रू नाहीत, स्पेसर चारपैकी तीनच. स्पेसर एक इंचाचे आहेत. थर्मल पॉटवालाही (थर्माससारखा दुहेरी भिंतीचा पॉट) एक दिसतोय, पण महाग. काच घ्यावी की थर्मल?

मोजपट्टी

पट्टी पाऊण इंच, स्पेसर एक इंच: पाव इंच मोकळा राहतो, टाकी सुटेल. चौथा स्पेसर हार्डवेअरच्या दुकानात नायलॉनचा मिळतो. फक्त लांबी बाकीच्या तिघांइतकीच तंतोतंत हवी. एक कोपरा तिरका झाला तर टाकी तिरकी, आणि काकांचा स्प्रिंग व्हॉल्व्ह नीट दाबला जाणार नाही. स्क्रू: अर्धा + एक + आट्यात अर्धा, म्हणजे दोन इंच. जाडी आणि आटे मात्र यंत्र दुकानात नेऊनच जुळवा, अंदाजाने नको. हाताने फिरवून तीन-चार फेरे सहज जायला हवेत. सुरुवातीलाच पाना लागला तर आटे चुकीचे आहेत.

टोस्टर आणि कॉफी एका वेळी चालवू नका, एवढंच.

काळी_घागर

काच घ्या, पण हॉटप्लेटवर अर्ध्या तासाच्या पुढे ठेवू नका. कॉफी करपल्यासारखी होते. बरीच यंत्रं दोन तासांनी आपोआप बंद होतात, पण तोवर चव गेलेली असते. दुसरा मग नंतर प्यायचा असेल तर पॉट रिकामा करून साध्या थर्मासमध्ये ओता. थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी फिरवून टाका.

थर्मल पॉटची अडचण अशी की आत किती कॉफी शिल्लक आहे ते दिसत नाही. वर टांगलेल्या यंत्रात तर वाकूनही दिसत नाही. कालची दोन कप आत राहिली आणि वरून नवी बारा कप सोडली की काय होतं ते सांगायला नको.

पाटावरवंटा

मग काचच. मोजपट्टी, ड्रिलचा बिट किती?

मोजपट्टी

स्क्रूच्या जाडीपेक्षा एक-बत्तीसांश इंच मोठा. टेम्प्लेट कागदावर काढताना यंत्राचं तोंड कोणत्या बाजूला ते कागदावर बाणाने लिहून ठेवा. मागची आणि पुढची भोकं सारख्या अंतरावर नसतात, उलटं लागलं तर पॉट भिंतीकडे. कपाटाच्या दारासाठी पुढे किती जागा सोडायची तेही आधीच बघा: यंत्र पट्टीच्या बाहेर आलं तर दार उघडताना हात आपटतो.

रिपेअरकाका

आणि लावल्यावर पहिल्या दोन टाक्या नुसत्या पाण्याच्या, समोर उभं राहून. स्पेसरजवळ हात लावून बघा, थरथर जाणवली तर स्क्रू पाव फेरा कसा. जास्त नको, बोर्ड दबतो.